देवाच्या दारातले धरणे

तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकिगत एका अभंगात स्वतःच सांगितली आहे. खरे तर हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो, असे ते आधीच बजावतात. मग एकेक गोष्ट येते. जात शूद्राची, धंदा वाण्याचा, घरात विठ्ठलाची पूजा कुळापासून चालत आलेली. आईबाप गेले, दुष्काळाने पैसा नेला, मान नेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, व्यापारात खोट आली, लाज वाटू लागली. मोडकळीला आलेले देऊळ नीट करावे असे मनाने घेतले, एकादशीचे कीर्तन सुरू केले, पुढे स्वप्नात गुरू भेटला आणि कवित्व सुचू लागले. यानंतर निषेधाचा आघात येतो. त्याने मन दुखावले, वह्या बुडवल्या, धरणे धरून बसलो आणि नारायणाने समाधान केले, एवढ्यावर ते हा प्रसंग आटोपतात. महाराष्ट्रातल्या भक्तीच्या इतिहासात जो चमत्कार सर्वाधिक सांगितला गेला, त्याची मूळ नोंद इतकी आखूड आहे. वह्या कशा तरल्या याबद्दल तिथे अक्षर नाही. आपण काय केले एवढेच तुकोबा सांगतात, आणि जे केले त्याला ते धरणे म्हणतात. देवावर भरवसा म्हणजे काय आणि देवाने दिलेल्या खुणेने तो भरवसा कसा बळावतो, हे समजून घ्यायचे तर इंद्रायणीच्या पाण्याइतकेच या धरण्याकडे पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

धरणे ही त्या काळच्या देण्याघेण्याच्या व्यवहारातली रोजची गोष्ट होती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली नव्याने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तगाद्याची ही रीत त्याने बारकाईने नोंदवली आहे. देणेकरी बरोबरीचा किंवा खालचा असेल तर सावकार त्याला घरातच अडवून ठेवी, जेवू देत नसे, उन्हात बसवी. देणेकरी वरचढ असेल तर रीत उलटी होई. मग सावकार विनवण्या करी, त्याच्या अब्रूला आवाहन करी, उंबऱ्यावर आडवा पडे, वाटेत लोळण घेई. शेवटी दारात उपाशी बसे, आणि तो उपाशी असेतो घरातल्या देणेकऱ्यालाही अन्नाला हात लावता येत नसे. याने भागले नाही तर देवाची भाक घालून शाप देई. पगार थकलेल्या फौजांनी आपल्याच सरदारांच्या डेऱ्यापुढे धरणे दिल्याचे दाखले मराठ्यांच्या इतिहासात आहेत. या सगळ्यामागे एक पक्की समजूत होती: दाराशी कोणी उपाशी मेला तर त्याचे पाप घरधन्याला लागते. अशक्ताच्या हातातले ते शेवटचे शस्त्र होते, आणि त्याची धार देवाच्या भीतीतून आलेली होती.

तुकोबांना ही रीत ऐकून माहीत होती असे नाही, ती त्यांच्या घरातलीच होती. देहूच्या बाजाराची महाजनकी त्यांच्या घराण्याकडे होती, व्यापार होता, सावकारी होती. कर्ज देणारा कोणत्या हक्काने दारात बसतो, घेणारा कसा तोंड लपवतो, व्याज कसे चढते, हे सारे त्यांनी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंनी पाहिले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचे दिवाळे काढले तेव्हा देणेकऱ्याची लाजही त्यांच्या वाट्याला आली. परंपरा सांगते की विरक्ती आल्यावर त्यांनी घरातल्या कर्जरोख्यांची वाटणी केली, धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हिश्शाचे कागद त्याला दिले आणि आपल्या हिश्शाचे इंद्रायणीत सोडले. त्या कागदांतून मिळणारा पैसा बुडाला आणि अनेक कुळे मोकळी झाली. ते कागद कोणी परत मागितले नाहीत, देवानेही राखले नाहीत, आणि त्याची खंत तुकोबांनी कुठे केलेली नाही. लोकांकडचे आपले येणे ज्या माणसाने नदीत सोडून दिले, त्याच माणसाने पुढे त्याच नदीच्या काठावर देवाच्या दारात धरणे धरले, याचा विचार फारसा कोणी केलेला नाही.

वाघोलीचे रामेश्वर भट हे विद्वान ब्राह्मण. शूद्राच्या तोंडून वेदार्थ निघतो हे त्यांना रुचले नाही. वह्या नदीत बुडव, असा निवाडा झाला आणि तुकोबांनी तो पाळला. महिपतीने अठराव्या शतकात ही कथा लिहिली तोवर तिच्यात पुष्कळ भर पडली होती, पण कथेचा गाभा साधा आहे. वह्या पाण्यात गेल्या. लोक बोलू लागले: मागे कर्जाचे कागद बुडवून प्रपंच घालवला, आता अभंग बुडवून परमार्थही घालवला. तुकोबा देवळासमोरच्या शिळेवर पडून राहिले. अन्न नाही, पाणी नाही, असे तेरा दिवस गेले. या धरण्यातली मागणी फार मोठी होती. कवित्व तू दिलेस, असे तुकोबा विठ्ठलाला म्हणत होते. माझ्या तोंडून बोलणारा तूच असशील तर तुझी वस्तू बुडवण्याचा हुकूम तुझ्या नावाने कसा निघाला, याचा जाब मला हवा. निवाडा करणारा पंडित देवाच्या शास्त्राचा आधार घेत होता आणि तुकोबा देवाचाच आधार घेत होते. दोघांतला कोण खरा हे सांगेल असे तिसरे न्यायासन देहूत नव्हते. म्हणून ते देवाच्या दारात जाऊन बसले.

वह्या परत मिळाल्यावर तुकोबांनी काय म्हटले, ते या प्रकरणातले सर्वांत मोलाचे साधन आहे. त्या वेळचे म्हणून काही अभंग गाथेत एकापाठोपाठ येतात. विजयाचा एक शब्द त्यांत सापडत नाही. रामेश्वर भटांना खिजवलेले नाही, लोकांना बघा म्हटलेले नाही. सुरुवातच अपराधाच्या कबुलीने होते: मी मोठा अन्याय केला, तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यापायी तुला शिणवले. तेरा दिवस डोळे मिटून पडून राहिलो आणि माझी तहानभूक तुझ्या गळ्यात घातली. तू पाण्यात कागद राखलेस आणि इकडे लोकापवादही टाळलास, दोन्हीकडे तुलाच उभे राहावे लागले. आणि मग ते जी शपथ घेतात, तिच्यापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. कोणी माझी मान कापली तरी चालेल, दुर्जनांनी हवा तेवढा छळ करावा, पण तुला शीण होईल असे काही मी यापुढे करणार नाही. एकदा चूक झाली, पाण्यात उभे करून तुझ्याकडून वह्यांची राखण करून घेतली.

मागितलेली खूण मिळाली आणि ती मागितल्याची लाज वाटली. माझे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. सावकाराचे धरणे फळले की सावकार पैसे मोजून घेतो आणि उठतो. त्याचा देणेकऱ्यावरचा विश्वास वाढत नाही. उलट विश्वास नव्हता म्हणूनच तो दारात बसलेला असतो. तुकोबा धरणे धरून बसले तेव्हा त्यांच्याही मनात हीच शंका होती, आणि नंतर तिलाच त्यांनी अन्याय म्हटले. देव देणे लागतो, तो चुकवील, म्हणून त्याला दारात अडवावे, हा त्या उपवासाचा अर्थ त्यांना मागाहून उमगला. देवाने देणे फेडले, पण त्याने फेडावे असे ते देणेच नव्हते, हे फेडल्यावर कळले. आई मूल रडायच्या आधीच उठलेली असते आणि मुलाला वाटते आपण रडलो म्हणून उठली, तशी ही जाणीव आहे. पाण्यातल्या कागदांची राखण पहिल्या दिवसापासून चालू होती, मग तेरा दिवसांचा त्रागा कशासाठी केला, असे त्यांना झाले. खुणेने त्यांचा भरवसा वाढला तो इथे. देव चमत्कार करू शकतो याचा पुरावा त्यांना हवाच नव्हता, त्याबद्दल त्यांना शंका कधी नव्हती. यापुढे खूण मागण्याची गरज उरली नाही, हे त्या खुणेने त्यांना दिले.

नवसाच्या शेजारी ठेवले की या श्रद्धेचा वेगळेपणा दिसतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा वेढा चालवला तेव्हा वज्रेश्वरी देवीला नवस केला, किल्ला मे महिन्यात हाती आला आणि देवीचे देऊळ उभे राहिले. नवसात दोन्ही बाजू आपला शब्द पाळतात, आणि ज्यांनी त्या वेढ्यात जीव धोक्यात घातले त्यांच्या कृतज्ञतेला मी कमी लेखणार नाही. आजही ते देऊळ त्या कृतज्ञतेची साक्ष देते. पण नवसाला पावलेला देव पुढच्या अडचणीत पुन्हा नवस मागतो, खूण पुन्हा लागते. नवसाने पोरे होत असती तर नवरा कशाला हवा होता, अशा अर्थाचे खणखणीत बोल तुकोबांचे आहेत. ज्याने स्वतः देवाला अडवून पाहिले आणि त्याबद्दल क्षमा मागितली, त्याच्या तोंडी ते शोभतात. नवसावरचा तो हल्ला नास्तिकाचा नाही. सौदा आणि भरवसा यांतला फरक जातीने भोगलेल्या माणसाचा तो आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वह्यांबद्दल. तेरा दिवस पाण्यात राहिलेला कागद कोरडा निघत नाही. तुकोबांचे अभंग लोकांच्या तोंडी होते, चाकणच्या संताजी जगनाड्यांसारखे टाळकरी ते लिहून ठेवीत होते, तेव्हा बुडालेल्या वह्या लोकांच्या स्मरणातून पुन्हा लिहिल्या गेल्या आणि त्यालाच पुढे तरणे म्हटले गेले, असे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. हे मत फेटाळण्याचे कारण मला दिसत नाही, आणि ते निश्चित मानण्याइतका पुरावाही कोणाकडे नाही. देहूच्या देवळात तुकोबांच्या हातची म्हणून जपलेली एक वही आहे आणि लोक तिला भिजकी वही म्हणतात. म्हणजे परंपरेलाही कोरड्या कागदाचा आग्रह नाही. शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत गाथा छापली, तिला मुंबई सरकारने २४ हजार रुपये दिले. त्यांनी देहूसह तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या पोथ्या ताडून पाहिल्या. साडेचार हजारांवर अभंग, वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या हातांनी जपलेले. पाण्यातून वर आल्या असोत की शेतकऱ्या-तेल्यांच्या कंठातून, एका पंडिताच्या निवाड्याने ज्या वह्या संपायच्या होत्या त्या संपल्या नाहीत, इतके इतिहासाच्या कसोटीला उतरते. ईश्वरी योजना मानणाऱ्याला माणसांच्या स्मरणातून आलेली राखण उणी वाटण्याचे कारण नाही. देव फक्त निसर्गनियम मोडूनच काम करतो, अशी अट तुकोबांनी कुठे घातलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे: हे अभंग मागाहून कोणी रचून गाथेत घातले असतील तर? गाथेत प्रक्षेप आहेत हे खरेच. पण या एका प्रसंगाला तुकोबांबाहेरचे आधार आहेत आणि ते जवळचे आहेत. तुकोबांची जी आरती आजही म्हटली जाते तिच्यात रामेश्वराची मुद्रा आहे, आणि रामाने सागरात पाषाण तारले तसे तुकोबांचे अभंग उदकात रक्षिले गेले, असा तिचा भाव आहे. ज्याने बुडवायला लावले त्यानेच तरल्याची ग्वाही द्यावी, यापेक्षा चांगला साक्षीदार कोणत्या प्रकरणात मिळतो? दुसरी साक्ष संत कवयित्री बहिणाबाईंची, ज्यांचा जन्म १६२८ चा. तुकोबा हयात असतानाच कोल्हापुरात जयराम गोसाव्यांच्या कीर्तनातून त्यांच्या कानावर हे अभंग पडले, आणि तेरा दिवस उदकात राहून वाचलेल्या वह्यांचा उल्लेख त्यांच्या स्वतःच्या अभंगांत येतो. म्हणजे ही बातमी तुकोबांच्या हयातीतच देहूपासून कोल्हापूरपर्यंत पोचली होती. महिपतीच्या भक्तविजयाचा काळ १७६२, भक्तलीलामृताचा १७७४. तिथे बालरूपातला विठ्ठल येतो, गावकऱ्यांना स्वप्न पडते, वह्या पाण्यावर तरंगताना दिसतात. कथा वाढली हे उघड आहे. पण वाढली ती दृश्यांत. महिपतीच्या शंभर वर्षे आधीच्या साक्षींतही वह्या, पाणी आणि राखण या तिन्ही गोष्टी आहेत, आणि तेरा दिवस बहिणाबाईंच्या कानावर गेलेले आहेत.

सर्वांत गंभीर आक्षेप श्रद्धेच्या परिणामांबद्दल आहे. देव राखील म्हणून माणूस अन्याय निमूट सोसतो, जातीचा हुकूम पाळून वह्या बुडवतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्यांना हेच शिकवले जाते. हा आरोप हलका नाही आणि भक्तीच्या नावाने असे घडलेले आहे. पण तुकोबांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहा. वह्या हाती आल्यावर त्यांनी लिहिणे थांबवले नाही. शूद्राने कवित्व करू नये हा निवाडा त्यांनी पुन्हा मानला नाही. वेदाचा अर्थ आम्हालाच ठाऊक, इतर डोक्यावर नुसता भार वाहतात, असे सांगण्याइतका त्यांचा आवाज मोकळा झाला. योगक्षेमाची काळजी देवावर टाकली म्हणजे हात जोडून बसले असे झाले नाही. पोटाची, लौकिकाची, जिवाची भीती सुटली आणि सुटलेली सगळी ताकद शब्दांत गेली. मान कापली तरी चालेल असे म्हणणाऱ्या माणसाला कोणता पंच कशाची धमकी देणार? निमूटपणा शिकवायचा असता तर धरणे धरल्याची आठवण गाथेत राहिलीच नसती. ते देवाशी केलेले भांडण होते. त्याची क्षमा तुकोबांनी देवाकडे मागितली, निवाडा देणाऱ्यांकडे नाही.

तेरा दिवसांची ती शिळा वारकऱ्यांनी जपली. देहूला शिळा मंदिर आहे आणि नव्या मंदिराचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पण या प्रसंगातून वारकऱ्यांनी काय घेतले आणि काय घेतले नाही, हे मला शिळेहून महत्त्वाचे वाटते. दरवर्षी वह्या बुडवून देवाची परीक्षा पाहण्याची प्रथा कोणी सुरू केली नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीची वाट धरली, तेव्हापासून देवाच्या दारात जायचे ते चालत, भजन म्हणत, आणि भेट झाली की माघारी फिरायचे. चमत्काराची जत्रा न होता त्याची वारी झाली, हे तुकोबांच्या त्या शपथेला साजेसे घडले. तिकडे माणसांच्या दारातले धरणे सरकारने गुन्हा ठरवले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमात, ईश्वरी कोपाची भीती घालून दुसऱ्याला काही करायला लावणे शिक्षेस पात्र केले, आणि त्याचे पहिले उदाहरण म्हणून धरणे धरून बसलेला माणूसच दिला. दैवी धाकाने माणसाला बांधणे अन्यायाचे आहे, हे कायद्याच्या मंडळींनी १८६० साली लिहिले. देवाला तशाच रीतीने बांधणे हा अन्याय आहे, हे तुकोबांनी सतराव्या शतकातच कबूल केले होते.

खूण मिळाली की पुढची वाट सोपी होते, असा समज मात्र या परंपरेतून काढता येत नाही. बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू केले म्हणून घरात नवऱ्याचा मार बसला, तरी पुढे ते कुटुंब देहूला आले. देहूत मंबाजी होता, ज्याने तुकोबांनाही छळले होते. त्याने यांनाही बहिष्काराचा धाक घातला, आणि त्यांची गाय नेऊन बांधून मारली. गाईच्या पाठीवर उठलेले वळ तुकोबांच्या पाठीवर दिसले, असे बहिणाबाई आपल्या आत्मचरित्रात लिहितात. ही दुसरी खूण त्यांनी मागितलेली नव्हती. तिने त्यांचा छळ थांबला नाही, मंबाजीचे मन पालटले नाही, घरातले दारिद्र्यही हटले नाही. पण त्या देहूतच राहिल्या, विठ्ठलाच्या देवळात कीर्तनाला जात राहिल्या, आणि तिथेच त्यांचे स्वतःचे अभंग बहराला आले.